वाळवणाच्या दिवसांतलं वजन

दूध प्यायल्याने बाळाचं वजन कमी होतं, असं मी एकदा सिद्ध केलं होतं. बाळ माझं होतं आणि काटाही माझाच होता.

काट्याबद्दल थोडं सांगायला हवं. डोंबिवलीत आमचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. किराणावाले, मिठाईवाले, चिकनवाले, भंगारवाले, सगळ्यांचे काटे आमच्याकडे येतात. आम्ही ते उघडायचे, आतली झुरळं झटकायची, वजनं ठेवून तपासायचे आणि सरकारी शिक्क्यासाठी पुढे पाठवायचे. मिठाईवाल्यांना तर मी जन्मभर एकच गोष्ट सांगत आलोय, की शेठ, डब्याचं वजन पेढ्यांत धरू नका. असा हा तज्ज्ञ माणूस. वैशाख आला की मला ती बाळ तोलल्याची गोष्ट आठवते असं म्हणता येणार नाही. आठवायला ती आधी विसरावी लागते आणि माझे सासरचे लोक ती मला विसरू देत नाहीत.

यंदाही वैशाख आलाय. ताडगोळ्यांच्या हातगाड्या लागल्यात. वर्तकनगरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्यावर कुरडया पडल्यात, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू कावळ्यांना काठी दाखवत सावलीत बसल्यात. खाडीकडे, माझ्या सासरी कोळीवाड्यात, बोंबील जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून दोऱ्यांवर लटकलेत. गल्लीत शिरलं की आधी वास भेटतो, मग माणसं. सगळं गाव येत्या पावसासाठी काही ना काही वाळवत असतं. ओल्याचं सुकं करायचे हे दिवस. टोपलीभर माल उन्हात घालावा आणि संध्याकाळी परडीभर उचलावा. माझ्यासारख्या काटेवाल्याला तर हे दिवस म्हणजे चमत्कारच वाटतात, सगळीकडे वजन नुसतं उडून जात असतं.

अशाच एका वैशाखात, जिथे सगळं आटत होतं, सुकत होतं, हलकं होत होतं, तिथे आमची सई एकटी उलट्या दिशेने निघाली होती. आणि ते मला दिसत नव्हतं.

पहिलं बाळंतपण म्हणून माझी बायको वैशाली माहेरी होती. कोळीवाड्यातलं बैठं घर, पुढे ओटा, ओट्यासमोर दोऱ्या. दोऱ्यांच्या एका बाजूला बोंबील आणि दुसऱ्या बाजूला सईचे लंगोट. वारा आला की दोन्ही एकदम हलायचे. मी सकाळी दुकान उघडायचो आणि दुपारचं काम कारागिरावर टाकून स्कूटरने सासर गाठायचो. ओणवा होऊन त्या दोऱ्यांखालून जायचो, हातपाय धुवायचो आणि पलंगासमोर खुर्ची टाकून बसायचो. बाळंतपणातल्या रात्रींच्या गोष्टी सगळेच सांगतात. मला आठवतात त्या दुपारी. पंखा गरम हवा ढवळतोय, बाहेर पत्रे तापून टकटक वाजतायत आणि सई पितेय.

सई कायम पितच असायची. पिऊन झोपायची, आणि मी चहा घेऊन कप विसळेपर्यंत तिच्या ओठांची चाळवाचाळव सुरू. आधी मान इकडून तिकडे, मग मूठ तोंडात, मग कपाळ लाल आणि मग ते रडणं. एवढ्याशा शरीरातून एवढा आवाज निघतो कुठून, हे मला अजून उलगडलेलं नाही. एखाद्या मोठ्या माणसाने आत बसून आपल्या अपमानाचा जाब विचारावा, असं ते रडणं होतं.

"ही सारखीच पितेय," मी म्हणायचो.

"बाळ आहे. मग काय पेपर वाचणार?" वैशाली म्हणायची.

पण आमच्या धंद्याची एक खोड आहे. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा परत येतंय म्हणजे मापात मार खातंय, हा संशय आम्हाला आधी येतो. तो मला आला. एवढं पिऊन ही उपाशी कशी? म्हणजे पिते ते पुरत नाही. म्हणजे दूध कमी आहे. तिसऱ्या पायरीवर मी किती सहज पोचलो बघा, आणि ती पायरी कुणाच्या छातीवर होती ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मी दुकानातला एक चांगला काउंटरवरचा काटा स्कूटरवर पायाशी ठेवून घेऊन आलो. पलंगाजवळच्या टेबलावर ठेवला. चारही पाय नीट टेकवले, पंखा बंद केला, कारण वाऱ्याने आकडा हलतो. घामाने निथळत सईला दुपट्यासकट काट्यावर ठेवलं आणि आकडा पाहिला. वैशालीने तिला पोटभर पाजलं. मग सासूबाईंनी तिला घेतलं, खांद्यावर टाकून ढेकर काढली, थोडं इकडेतिकडे केलं आणि पुन्हा दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी पुन्हा काट्यावर ठेवलं. आकडा कमी. थोडाथोडका नाही, कटिंग चहाएवढा कमी.

"कमी भरतंय," मी म्हणालो. अगदी याच शब्दांत.

"काय कमी भरतंय?"

"माल. म्हणजे... दूध."

वैशालीने पदर सारखा केला. "मी काय किराणा दुकान आहे?" तिने विचारलं. पण हे विचारताना ती हसली नाही, आणि एरवी ती हसली असती.

मग मी दुसऱ्या दिवशीही तोललं आणि तिसऱ्या दिवशीही. एकदा आकडा कमी, एकदा तेवढाच, एकदा थोडा जास्त. दुकानात एखादा काटा असा वागला असता तर मी त्याला खोलून बघितलं असतं. इथे मी काट्यावर विश्वास ठेवला आणि बायकोवर संशय घेतला. येताना मेडिकलमधून पावडरच्या दुधाचा डबाही आणला आणि कुणी न सांगता फळीवर ठेवला. त्या डब्यावर एक गुबगुबीत बाळ हसत होतं. ते दिवसभर वैशालीकडे बघत हसायचं.

घरात उपायांची कमी नव्हती. सासूबाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, पण घरात बोलणं कोळीवाड्याचंच. त्यांचं निदान वेगळं होतं. "पोरीला नजर लागलीय. सगली गल्ली येऊन बगून जाते." मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत पडल्या, आम्हाला सगळ्यांना ठसका लागला आणि सई झोपेतून उठून पुन्हा प्यायला लागली. मग त्या घुटी उगाळायला बसल्या. वैशालीने तिथल्या तिथे अडवलं, डॉक्टरांनी नाही सांगितलंय म्हणून. "तुला काय आमी हवेवर वाडवली?" म्हणत त्यांनी सहाण उचलून ठेवली. मग आली मुशी, शार्कच्या जातीची मासळी. मुशीचं कालवण बाळंतिणीला दूध आणतं, हा कोळीवाड्याचा पक्का भरवसा. सासूबाईंनी कमी तिखट, भरपूर लसूण घालून टोप भरून केलं. जावई समोर बसलेला, म्हणून मोठ्या तुकड्या माझ्या ताटात पडल्या. मी त्या खाल्ल्या. दूध कुणाला आणायचा बेत होता देव जाणे.

या सगळ्यात वैशाली मात्र गप्प होत चालली होती. मी काही तिला वाईट बोललो नव्हतो, मी फक्त आकडे सांगत होतो. पण एक दिवस मी दोऱ्यांखालून वाकून ओट्यावर चढलो तेव्हा ती आत एकटीच होती. सई नुकतीच पिऊन मांडीवर पडली होती, आणि वैशाली तिच्या कानाशी वाकून विचारत होती, "पुरलं का गं तुला?"

बाळ काय उत्तर देणार? ती पुन्हा विचारत होती. "खरं सांग. पुरलं?"

मी चपला हातात घेऊन तसाच बाहेर उभा राहिलो. काहीतरी मोडतंय आणि ते आपण मोडतोय, एवढं कळलं. पुढे काय करायचं ते कळलं नाही.

दोनच दिवसांनी सईने कहर केला. दुपारी जेवणं झाल्यापासून जी लागली ती सोडेचना. या बाजूला, त्या बाजूला, पुन्हा या बाजूला. सोडलं की रडणं. उन्हं कलायला आली तरी तेच. वैशालीचे केस कपाळाला चिकटलेले, पाठ भिंतीला, डोळे कोरडे. ती शेवटी म्हणाली, "डबा उघड."

मी डबा घेतला. झाकण निघालं, आत चकचकीत पत्र्याचा पापुद्रा होता. मी चमच्याची दांडी त्यावर टेकवली. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, सईच्या टाळूकडे बघत होती. तिथे पातळ कातडीखाली काहीतरी उडत होतं, टुकटुक, टुकटुक, पिण्याच्या तालावर. त्या क्षणी माझ्या हातातली दांडी काही खाली जाईना.

"आधी डॉक्टरांना विचारू," मी म्हणालो. "त्या म्हणाल्या तर मी स्वतः बाटली उकळतो."

"आणि त्या म्हणाल्या की दूध नाहीये माझ्याकडे, तर?"

मी रिक्षा आणली.

नौपाड्यातलं ते दवाखान्याचं बाकडं मला अजून दिसतं. मी, वैशाली, सासूबाई आणि सई. सई रिक्षाच्या हेलकाव्यांनी चक्क झोपलेली. समोरच्या बाकावर एक बाई, तिच्या खांद्यावर आणखी लहान बाळ. ते बाळ रडायला लागलं. साधं भुकेचं रडणं. आणि वैशाली एकदम दचकल्यासारखी स्वतःकडे बघायला लागली. तिच्या ब्लाऊजवर पुढे ओला डाग उमटला होता, बघता बघता रुपयाएवढा, मग तळहाताएवढा. बाळ दुसऱ्याचं. त्याच्याशी ओळख ना पाळख. पण त्या रडण्याने तिच्या आत कुठलीतरी खिट्टी उघडली होती आणि दूध वाट काढून बाहेर आलं होतं. वैशालीने घाईने पदर ओढला. काट्याने जे नाही म्हटलं होतं ते कापडावर पसरत होतं.

आत गेलो. डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, आवाज वर्गातल्या बाईंसारखा. त्यांच्या टेबलाशेजारी बाळं तोलायचा पाळण्यासारखा काटा होता. आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सवय. माझ्या पिशवीत दुकानातलं एक किलोचं पितळी वजन होतं. मी ते काढून त्या पाळण्यात ठेवलं.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"काटा बरोबर आहे का बघतोय."

"आणि?"

"बरोबर आहे."

"आभारी आहे. आता बाळ ठेवू?"

त्यांनी सईचे सगळे कपडे काढायला लावले. झबलं, लंगोट, दुपटं, सगळं. आमची मुलगी भर दवाखान्यात उघडीवाघडी पाळण्यात आडवी झाली, थंड पत्र्याने दचकली, दोन्ही हात पसरले आणि सरळ शू केली. "शाबास," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पुसून घेतलं, पुन्हा ठेवलं, आकडा पाहिला, जुन्या कागदाशी ताडून पाहिला. सई जन्मल्यापासून पाऊण किलोच्या आसपास वाढली होती. महिनाही पुरा झाला नव्हता.

"पण मी घरी तोललं तेव्हा..." मी म्हणालो आणि प्रयोग सांगितला. पंखा बंद केल्याचंही सांगितलं.

"दोन्ही वेळेला लंगोट तोच होता?"

मी सासूबाईंकडे बघितलं.

"तोच कसा असंल?" सासूबाई म्हणाल्या. "भिजलेला मी काडला, कोरा बांदला. झबलं पन काडलं, पोर घामाघूम झालेली. ओल्यात ठेवू काय पोरीला?"

डब्याचं वजन पेढ्यांत धरू नका, असं जन्मभर सांगणारा माणूस तिथे उभा होता आणि त्याने पेढे मोजताना डबाच बदलला होता.

मॅडमनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं, ते बरंच झालं. त्या वैशालीशी बोलायला लागल्या. पिताना गिळल्याचा आवाज येतो का? येतो. पिऊन झाल्यावर सोडते का? सोडते. दिवसातून लंगोट किती ओले होतात? वैशाली आठवायला लागली, तोवर सासूबाईंनीच उत्तर दिलं. "दोरी पुरत नाय, डॉक्टरीणबाय. बोंबील बाजूला सारून लंगोट वाळत घालतो आमी."

मी रोज ज्याखालून वाकून आत जात होतो तो सगळा पुरावाच होता. उन्हात, ओळीने लटकलेला. जे आत जात नव्हतं असं मी म्हणत होतो, ते बाहेर येऊन वाळत होतं.

मग त्यांनी सईच्या कमरेचा काळा करदोडा बोटाने उचलायचा प्रयत्न केला. बोट आत जाईना. बारशाला सासूबाईंनी सैल बांधलेला करदोडा आता कातडीवर बारीक खाच पाडत होता. "हा आधी सैल करा," मॅडम म्हणाल्या. "मुलगी मावत नाहीये त्यात." वैशाली त्या खाचेकडे बघत होती. तिने त्यावरून बोट फिरवलं. तेवढंच. पण बऱ्याच दिवसांनी मी तिला श्वास सोडताना पाहिलं.

मग कळलं ते असं. बाळाचं पोट एवढंसं, आईचं दूध पचतं पटकन, मग ते मागणारच. कधी कधी बाळं एकदम उसळी घेतात, तेव्हा दिवस दिवस चिकटून असतात, आणि त्या पिण्यानेच पुढचं दूध वाढतं. उन्हाळ्यात तहान लागते म्हणून आणखी प्यायचं, कारण पाणीही त्यातच असतं. वरचं पाणी, घुटी, मध, काही नको. इथे सासूबाई पंख्याकडे बघायला लागल्या. "आणि डब्याचं दूध वाईट नसतं," मॅडम म्हणाल्या. "लागलं असतं तर मीच सांगितलं असतं, त्यात कमीपणा काही नाही. पण तुम्हाला नको आहे. तुमचं भरपूर आहे."

मी जन्मभर वजनाच्या धंद्यात आहे. माझ्या काट्यांवर जे येतं ते तोडलेलं, सोललेलं, कापलेलं, सुकवलेलं असतं. एका पोत्यातून दुसऱ्या पिशवीत गेलं की इकडचं तेवढं कमी होतं. उपसाल तेवढं संपतं. आणि इथे एक बाई भाकरी, आमटी, मुशीचा रस्सा खात होती आणि त्यातून दुसऱ्या एवढ्याशा बाईच्या मनगटाला वळ्या पडत होत्या. उपसाल तेवढं भरत होतं. ज्वारीतून गाल. लसणातून टाळूवरचे केस. हे कुठल्या पारड्यात कसं मांडायचं? मला तर वाटतं, त्या वेळी मी काटा घेऊन नाही, हात जोडून बसायला हवं होतं.

सई आता दहा वर्षांची आहे. सुट्टीत पोहायला जाते. घरी येते ती ओल्या केसांनी थेट स्वयंपाकघरात. परवा तिने चार पोळ्या खाल्ल्या, वर आमरसाची वाटी चाटून पुसून ठेवली आणि फ्रिज उघडून उभी राहिली.

"अगं, आत्ताच जेवलीस ना?"

"ते मघाशी," ती म्हणाली.

खांद्याची हाडं मोठी होतायत, मागच्या वर्षीच्या फ्रॉकची शिवण काखेत ताणली जातेय. मी जेवणाच्या टेबलाशी बसून बघत राहतो. ती मागते, घेते, आणि पुरलं की ताट सरकवते. कुणी शिकवलं नाही. वैशाली तिच्या कानाशी विचारत होती त्या प्रश्नाचं उत्तर हिने कधीच देऊन टाकलं होतं. आम्हालाच ऐकायला आलं नव्हतं.

दवाखान्यातून आलो ती संध्याकाळ मला सगळ्यात नीट आठवते. ओट्यावर खाडीचा वारा सुटला होता. सासूबाई दोरीवरचं काढून घेत होत्या, एका हातावर लंगोट, एका हातावर बोंबील. वैशाली भिंतीला टेकून बसली होती आणि सई पीत होती. मी पहिल्यांदाच काही न मोजता समोर बसलो. आधी तिची मूठ घट्ट होती, वैशालीच्या ब्लाऊजची कड आवळून धरलेली, नखं पांढरी पडलेली. घुटुक, घुटुक, मग श्वास, मग घुटुक. हळूहळू घोट लांबले. कपाळावरची आठी गेली. मग अंगठा सुटला. मग एकेक बोट उलगडलं, घाई न करता, आणि शेवटी तो सगळा तळवा उघडा होऊन आईच्या छातीवर पडला. ओठ आपोआप सुटले. कोपऱ्यात दुधाचा एक थेंब राहिला. तिचं भरलं होतं, आणि ते तिने तिच्यापुरतं ठरवलं होतं.

माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, "वैशाली, काय करतेयस तू, कळतंय का तुला? अगं, तू अख्खं माणूस भरतेयस."

तिने सईच्या ओठांवरचा तो थेंब पदराने टिपला. मग म्हणाली, "डोळे पुसून झाले असतील तर आत जा आणि माठातलं पाणी आण तांब्याभर. महिनाभर नुसता समोर बसून बघतोयस. दूध काय तुझ्या बघण्याने येतं?"